ऑस्कर, परभाषा आणि आपण : नागपूरच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात आमचा गट देशोदेशीचे चित्रपट दाखवतो. खेळ संपला की चहा होतो आणि चहासोबत पुरस्कारांचा विषय हमखास निघतो. कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी, रंगभूमीवर काम करणारे, सगळे फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

ऑस्करमध्ये परभाषेतला चित्रपट म्हणजे नेमका कोणता?

ढोबळ अटी तीन आहेत. चित्रपट 40 मिनिटांपेक्षा मोठा हवा, त्याची निर्मिती अमेरिकेबाहेर झालेली हवी आणि निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत हवेत. 2019 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या विभागाचं नाव बदललं. 'सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट' जाऊन 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' आलं. भाषेची अट मात्र जशीच्या तशी राहिली.

त्याचा फटका त्याच वर्षी नायजेरियाला बसला. जेनेव्हिव्ह न्नाजी हिचा 'लायनहार्ट' हा त्या देशाने ऑस्करला पाठवलेला पहिलाच चित्रपट. त्यात इग्बो भाषेतले संवाद जेमतेम 11 मिनिटांचे, बाकी सगळं इंग्रजीत. चित्रपट बाद झाला. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी आहे. तिथे निरनिराळ्या भाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात. आधी राज्य करणाऱ्यांनी भाषा लादायची आणि पुढे तीच भाषा बोलता म्हणून दार लावून घ्यायचं, हा सरळसरळ अन्याय आहे. भारतातल्या इंग्रजी चित्रपटांनाही हीच अट लागते.

हा विभाग सुरुवातीपासून होता का?

नव्हता. 1947 ते 1955 या काळात अकादमी अधूनमधून परभाषेतल्या एखाद्या चित्रपटाला मानद पुरस्कार देत असे. 'बायसिकल थीव्हज' आणि 'राशोमोन' यांना तो तसाच मिळाला. रीतसर स्पर्धा 1956 च्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि पहिला मान फेलिनीच्या 'ला स्त्रादा'ला गेला. मानद पुरस्कार धरले तर आजवर इटलीला सर्वाधिक, म्हणजे 14 वेळा, हा सन्मान मिळाला आहे. त्याखालोखाल फ्रान्स, 12 वेळा.

भारताचा चित्रपट कोण निवडतं? सरकार का?

सरकार नाही. फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट व्यवसायातल्या संघटनांची शिखर संस्था एक निवड समिती नेमते. निर्माते शुल्क भरून आपला चित्रपट दाखल करतात, समिती ते सगळे पाहते आणि एक नाव जाहीर करते. चित्रपट कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो. आजवर सर्वांत जास्त हिंदी चित्रपट गेले, त्यानंतर तमिळ. बंगाली, मल्याळम, मराठी, गुजराती, तेलुगू यांनाही संधी मिळाली आहे आणि 2018 मध्ये रीमा दास हिचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' हा आसामी चित्रपट गेला होता.

दर वर्षी या निवडीवरून वाद होतो. 2013 मध्ये 'द लंचबॉक्स' जाईल असं सगळे धरून चालले होते, निवड झाली 'द गुड रोड' या गुजराती चित्रपटाची. 2022 मध्ये 'आरआरआर'चा बोलबाला असताना 'छेल्लो शो' गेला. 2024 ची गोष्ट तर अजून ताजी आहे. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ने कान महोत्सवात ग्रां प्री मिळवली, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान. मल्याळम, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा त्यात नांदतात आणि कथा मुंबईहून निघून कोकणात पोचते. आपल्याकडून मात्र 'लापता लेडीज' गेला. भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहतोय असं समितीला वाटलं, असा खुलासा फेडरेशनच्या अध्यक्षांनी केला होता. ज्यांतून अंतिम पाच नामांकनं ठरतात त्या पहिल्या 15 मध्येही 'लापता लेडीज' पोचला नाही.

आपली छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहे आणि दोन्हीकडे तिने जीव ओतून काम केलंय. त्यामुळे एकाला वर चढवायला दुसऱ्याला खाली ओढण्यात मला रस नाही. पण एखादा चित्रपट पुरेसा भारतीय आहे की नाही, हा प्रश्न निवड समितीने विचारूच नये असं माझं ठाम मत आहे. अकादमीच्या नियमात तसं कुठेही म्हटलेलं नाही.

देशाकडून एकच चित्रपट, असं काहून?

हा प्रश्न आमच्याकडे एका काकांनी असा विचारला होता : "काहून गा, आपल्या देशात एवढ्या भाषा, एवढे सिनेमे, अन् पाठवाचा एकच? हा कोणचा हिशेब?"

काकांचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. वर्षानुवर्षं पद्धत अशी चालत आली आहे की अकादमी एका देशाला एक जागा देते. आइसलँडला एक आणि भारतालाही एकच. आइसलँडमध्ये वर्षाला मोजके चित्रपट होतात आणि जवळजवळ सगळे एकाच भाषेत. आपल्याकडे वीसपेक्षा जास्त भाषांत चित्रपट बनतात. म्हणजे मराठी चित्रपटाला जगाशी झुंजण्याआधी तमिळ, मल्याळम, बंगाली, हिंदी सगळ्यांना हरवावं लागतं. मल्याळममध्ये तीन उत्तम चित्रपट आले आणि मराठीत दोन, तरी पाचांतले चार घरीच राहणार.

नियमामागचा विचार समजण्यासारखा आहे. मोठ्या देशांनी लहान देशांना चिरडू नये, हा हेतू चांगलाच. पण भाषा आणि देश एकच असतात असं त्यात गृहीत धरलंय. युरोपातल्या बऱ्याच देशांना ते लागू पडतं. आपल्याला नाही. सीताबर्डीत अर्धा तास उभं राहिलं तरी मराठी, हिंदी, छत्तीसगढी, सिंधी, तेलुगू कानावर पडतात आणि इथून पूर्वेकडे निघालं की गोंडी सुरू होते. उद्या कुणी गोंडीत अप्रतिम चित्रपट केला तर तो पाठवायला नियमाची आडकाठी नाही. पण त्या एका जागेसाठी त्याला कुणाकुणाशी लढावं लागेल याचा विचार करा.

दुसरा धोका असा की निवड देशातल्या संस्थेच्या हाती असली की सत्तेला न रुचणारा चित्रपट बाहेरच पडत नाही. इराणचे जफर पनाही यांनी सरकारची परवानगी न घेता 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट' केला. 2025 मध्ये त्याला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. इराणकडून तो जाणं शक्यच नव्हतं. शेवटी फ्रान्सने आपल्या नावावर पाठवला.

म्हणजे दुसऱ्या देशाच्या नावाने चित्रपट जाऊ शकतो?

हो, त्या देशाचा निर्मितीत पुरेसा वाटा असेल तर. आधी अट होती की चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्याच भाषेत हवा. 2006 च्या चित्रपटांपासून ती गेली आणि लगेच कॅनडाने दीपा मेहता यांचा 'वॉटर' पाठवला. हिंदीतला तो चित्रपट कॅनडाच्या नावाने अंतिम पाचांत पोचला. 2024 मध्ये ब्रिटनने 'संतोष' हा हिंदी चित्रपट पाठवला आणि तो पहिल्या 15 मध्ये आला. त्याच वर्षी भारताची स्वतःची निवड त्या यादीत नव्हती.

मराठीतून आजवर किती चित्रपट गेले?

तीन. 2004 मध्ये संदीप सावंत यांचा 'श्वास', 2009 मध्ये परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 2015 मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. तिघांपैकी एकही अंतिम पाचांत गेला नाही. भारताच्या खात्यात एकूण नामांकनंच तीन आहेत : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. पुरस्कार एकही नाही.

'कोर्ट'बद्दल नागपूरकरांनी जरा थांबून ऐकावं. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. व्यावसायिक नट नव्हते. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो, त्याने शाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली असा आरोप ठेवला जातो आणि खटला रेंगाळत राहतो. आरोपीच्या पिंजऱ्यात साथीदार जसे उभे राहतात ते पुन्हा एकदा बघा. चेहऱ्यावर राग नाही, विनवणी नाही. ही सगळी पद्धत आधीच ओळखून असलेल्या माणसाचा थकवा तेवढा आहे. आणि तोच माणूस मंचावर चढला की आवाज असा लागतो की कॅमेरा लांब असूनही आपण सावरून बसतो. 2014 मध्ये व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला ओरिझोंती या नव्या वाटा शोधणाऱ्या चित्रपटांच्या विभागाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने साथीदार नागपुरातच गेले. जगभरच्या समीक्षकांनी वाखाणलेला हा माणूस आपल्या शहरातल्या कितीतरी सिनेमावेड्यांना आजही ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठी चित्रपटांची बाहेर कदर होते का, की फक्त ऑस्करचीच चर्चा?

कदर होते, आणि जुन्या काळापासून होते. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची दखल व्हेनिसने 1937 मध्येच घेतली होती. 'किल्ला'ला 2014 मध्ये बर्लिनमध्ये मुलांच्या ज्युरीचा क्रिस्टल बेअर मिळाला. ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला 2020 मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला मल्याळम 'जल्लिकट्टू' गेला. 2025 मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथाचित्र विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार घेतला.

कान, व्हेनिस, बर्लिन इथे परभाषेसाठी वेगळा कप्पाच नाही. मुख्य स्पर्धेत मराठी, कोरियन, इंग्रजी एकाच रांगेत बसतात आणि चित्रपट महोत्सव स्वतः निवडतो, देशाच्या शिफारशीची गरज पडत नाही. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते.

परभाषेतल्या चित्रपटाला मुख्य ऑस्कर मिळूच शकत नाही, हे खरं?

खोटं. आंतरराष्ट्रीय विभाग वेगळा आणि बाकीचे विभाग वेगळे. अमेरिकेत ठरलेल्या शहरांपैकी एका शहरात सात दिवस चित्रपटगृहात चालला आणि बाकी अटी पाळल्या की तो दिग्दर्शन, अभिनय, संगीत, अगदी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीही उतरू शकतो. तिथे देशाच्या शिफारशीचा संबंध नाही. फ्रेंच 'ग्रँड इल्युजन'ला 1930 च्या दशकातच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं. इटालियन भूमिकेसाठी सोफिया लोरेनला 1962 च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र 2020 च्या सोहळ्यापर्यंत एकही नाही. तेव्हा कोरियाच्या 'पॅरासाइट'ने आंतरराष्ट्रीय आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट असे दोन्ही पुरस्कार एकाच रात्री उचलले.

'आरआरआर' याच वाटेने गेला. देशाने निवडलं नाही, तर निर्मात्यांनी थेट सर्वसाधारण विभागांत नाव घातलं आणि 2023 मध्ये 'नाटू नाटू' गाण्याला ऑस्कर मिळालं. ब्राझीलच्या 'सिटी ऑफ गॉड'ची कथा तर आणखी बोलकी. देशाने 2002 मध्ये पाठवला तेव्हा परभाषिक विभागात नामांकनही मिळालं नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि दिग्दर्शनासह चार नामांकनं घेऊन आला. चित्रपट तोच, फक्त पाहणारे वाढले.

गोल्डन ग्लोब, बाफ्टा वगैरे ठिकाणी काय नियम आहेत?

गोल्डन ग्लोबमध्ये पूर्वी निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नसतील तर चित्रपट मुख्य विभागात घेतच नसत. 2021 मध्ये 'मिनारी'वरून मोठा गदारोळ झाला. दिग्दर्शक अमेरिकन, पैसा अमेरिकन, कथा आर्कान्सातल्या शेतकरी कुटुंबाची. पण कुटुंब घरात कोरियन बोलतं म्हणून त्याला परभाषिक ठरवलं. त्यानंतर नियम बदलला आणि आता असे चित्रपट मुख्य पुरस्कारासाठी चालतात. 2025 मध्ये 'एमिलिया पेरेझ' या मुख्यतः स्पॅनिश चित्रपटाने तिथे संगीत-विनोदी विभाग जिंकला. त्याच सोहळ्यात पायल कपाडियाला दिग्दर्शनाचं नामांकन होतं.

ऑस्करमध्ये 'मिनारी' अमेरिकेत बनल्यामुळे आंतरराष्ट्रीय विभागात बसलाच नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्याला थेट नामांकन मिळालं. एकच चित्रपट एका मंचावर परका आणि दुसऱ्या मंचावर घरचा.

ब्रिटनच्या बाफ्टामध्ये वेगळा विभाग आहे, पण मुख्य पुरस्कारही परभाषेला मिळतो. 'रोमा'ला 2019 मध्ये आणि जर्मन 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'ला 2023 मध्ये मिळाला. फ्रान्सच्या सीझर पुरस्कारांत हॉलिवूडच परकं असतं. क्लिंट इस्टवुडच्या 'ग्रॅन टोरिनो'ला 2010 मध्ये तिथे सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा मान मिळाला. गंमत पाहा, 2015 मध्ये तोच पुरस्कार 'मॉमी'ला गेला आणि हा कॅनडातला चित्रपट चक्क फ्रेंच भाषेतला. तिथे भाषा बघत नाहीत, देश बघतात.

ऑस्करचं मतदान कसं होतं? सगळे चित्रपट खरंच पाहतात?

आंतरराष्ट्रीय विभागात अलीकडे दरवर्षी ऐंशी-नव्वद देशांचे चित्रपट येतात. अकादमीच्या कोणत्याही शाखेचे सभासद पहिल्या फेरीत भाग घेऊ शकतात, मात्र नेमून दिलेले किमान चित्रपट पाहावे लागतात. त्यातून 15 आणि मग 5 निवडले जातात. शेवटच्या फेरीत पाचही पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. चित्रपट अकादमीच्या ऑनलाइन दालनात उपलब्ध असतात.

चांगला चित्रपट असला की पुरे, की पैसाही लागतो?

लागतो. सभासदांनी तुमचा चित्रपट आधी उघडायला तर हवा. त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये खास खेळ, जाहिराती, प्रसिद्धी सांभाळणारी माणसं, अमेरिकेतला वितरक, हे सगळं उभं करावं लागतं. 'लगान'च्या वेळी आशुतोष गोवारीकर आणि आमिर खान तिकडे जाऊन तळ ठोकून बसले होते. 'श्वास'च्या मंडळींकडे तेवढं बळ नव्हतं, तेव्हा सामान्य लोकांनी वर्गणी काढली. जिव्हाळा मोठा होता, पण वर्गणीवर दर वेळी लढाई लढता येत नाही. चित्रपट निवडला की प्रचाराचा ठरावीक निधी देशाने दिलाच पाहिजे, असं मला वाटतं.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत भाषांना कशी वागणूक मिळते?

खरं तर बरीच बरी. प्रत्येक भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला वेगळा पुरस्कार आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नसलेल्या भाषांचाही विचार होतो आणि सर्वोच्च सुवर्णकमळासाठी सगळ्या एकत्र असतात. पहिलंच सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. नंतर मराठीला पन्नास वर्षं थांबावं लागलं आणि मग 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे चार आले. 'देऊळ'ला तो मान ब्यारी भाषेतल्या चित्रपटासोबत विभागून मिळाला होता. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावरची ही भाषा किती जणांनी ऐकली असेल? पुरस्कारांचं काम असंच हवं.

'झुंड'सारख्या चित्रपटाची भाषा कोणती धरायची?

नागराज मंजुळे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरून, इथल्याच वस्त्यांतली पोरं घेऊन 'झुंड' केला. कागदोपत्री तो हिंदी. पण त्यातली पोरं जे बोलतात ते आपल्या गल्लीतलं बोलणं आहे : हिंदीत मराठी, मराठीत हिंदी. ऑस्करला त्याची अडचण नाही, कारण तिथे फक्त इंग्रजी किती हे मोजतात. अडचण आपल्याकडच्या पुरस्कारांत येते, जिथे अर्जावर एक भाषा लिहावी लागते. राज्य पुरस्कार मराठी चित्रपटांसाठी, त्यामुळे अशा कलाकृती सहसा कुणाच्याच खात्यात पूर्णपणे जात नाहीत.

आम्ही इथेच चित्रपट केला आणि पाठवायचा ठरवला, तर कशाची काळजी घ्यावी?

हा प्रश्न अलीकडे मुलं खूप विचारतात आणि मला फार बरं वाटतं. पहिली गोष्ट, चित्रपट आधी ओटीटीवर किंवा टीव्हीवर सोडू नका. सलग सात दिवस, तिकीट लावून, व्यावसायिक चित्रपटगृहात तो चालला पाहिजे. ते मुंबईतच हवं असं नाही, नागपुरातलं चालतं. जाहिरात, वेळापत्रक, तिकीटविक्रीचे कागद जपून ठेवा, पुरावा म्हणून लागतात. दुसरं, तारखा. 2025 च्या निवडीसाठी प्रदर्शनाची मुदत 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025 अशी होती. आपल्या वर्षाची मुदत आधी तपासा आणि त्यावरून प्रदर्शन ठरवा. फेडरेशनची निवड साधारण सप्टेंबरात होते, त्याआधी अर्ज आणि शुल्क जायला हवं.

तिसरं म्हणजे इंग्रजी उपशीर्षकं. ती सक्तीची आहेत आणि आपल्याकडे शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकतात. वऱ्हाडी किंवा झाडीबोली कळणाऱ्या आणि इंग्रजीत सहज लिहिणाऱ्या माणसाला संकलन चालू असतानाच सोबत बसवा. त्याला मानधन द्या, नामावलीत नाव द्या.